नकाशावरच्या पांढऱ्या फटी : आंबोली–दोडामार्ग–तिलारीच्या जंगलाविषयी राज्य वन्यजीव मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ

विषय : आंबोली–दोडामार्ग व तिलारी संवर्धन राखीव क्षेत्रांच्या मधले मालकीचे जंगल आणि राखीव वनाचा गाभा यांच्या संरक्षणाबाबत

स. न. वि. वि.

जून २०२० मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातले २९.५३ चौरस किलोमीटर जंगल तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षाअखेरीस आपल्या मंडळाने सह्याद्रीतल्या आणखी क्षेत्रांना मंजुरी दिली : विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा–भुदरगड, चंदगड, आंबोली–दोडामार्ग आणि तिकडे उत्तरेला जोर–जांभळी. आंबोली–दोडामार्गच्या वाट्याला ५,६९२ हेक्टर आले. कोयना, चांदोली, राधानगरी आणि पलीकडे गोव्यातले म्हादई अभयारण्य यांच्यामध्ये निदान कागदावर तरी एक साखळी उभी राहिली. हा निर्णय चांगला होता. त्याचे श्रेय मंडळाला आहे आणि ते आम्ही मोकळेपणाने देतो.

पण वनविभागाच्या नकाशात सरकारी जंगल हिरवे असते आणि मालकीची जमीन पांढरी. आंबोलीपासून तिलारीपर्यंतचा नकाशा समोर पसरला की दिसतो तो हिरवा पट्टा सलग नाही. हिरव्या तुकड्यांच्या मध्ये पांढऱ्या फटी आहेत. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिले तर त्या फटींतही जंगलच उभे आहे, आणि कित्येक ठिकाणी ते सरकारी जंगलापेक्षा दाट आणि जुने आहे. मात्र ते सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाने आहे. संवर्धन राखीव क्षेत्राने जे वाचवले ते मुळात वनविभागाच्याच ताब्यात होते. जे जायचे ते त्या पांढऱ्या भागातून जाते. या पत्रात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. पुढचा सगळा तपशील त्याच्याच पोटात येतो.

आधी कायद्याचे बोलू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३६-अ खाली राज्य सरकार जे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करते, ते फक्त सरकारी मालकीच्या जमिनीवर. अभयारण्याची सगळी कलमे त्याला लागू होत नाहीत. लागू होते ते इतकेच : सीमेच्या खुणा मोडू नयेत, प्राण्यांना त्रास देऊ नये, कचरा टाकू नये, आग लावू नये, घातक पदार्थ वापरू नयेत, गुन्हा रोखायला रहिवाशांनी मदत करावी. अधिवासाचा नाश आणि त्याचा वेगळा वापर रोखणारे कलम २९ मात्र या यादीत नाही. म्हणजे नाव ‘राखीव’ असले तरी एखादा कक्ष (वनविभागाने क्रमांक देऊन आखलेला जंगलाचा तुकडा) रस्त्यासाठी किंवा वीजवाहिनीसाठी मागितला गेला, तर अभयारण्यात जी तटबंदी उभी राहते ती इथे राहत नाही. बाकी शिकारबंदी सगळीकडेच आहे, तिच्यासाठी वेगळी अधिसूचना लागत नाही. गावागावांत लावलेल्या फलकांवर यातले काहीच नसते; त्यावर वाघाचे चित्र असते.

आता पांढऱ्या फटीतले जंगल जाऊन तिथे रबराची बाग कशी येते ते क्रमाने सांगतो. थांबवायचे तर कोणत्या पायरीवर थांबवता येते हे कळायला हवे.

सुरुवात तलाठी कार्यालयात होते. इथले बहुतेक डोंगरी सातबारे सामाईक आहेत. एकेका उताऱ्यावर तीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी हयात नसलेल्यांची, उरलेल्यांपैकी बरेच मुंबईत. दलाल त्यांतल्या काहींची कुलमुखत्यारपत्रे गोळा करतो. पोटहिस्स्याची मोजणी न करता अविभक्त हिस्सा विकला जातो आणि ‘आमचा हिस्सा इथेच’ म्हणून सगळ्यात चांगले, पाणथळ, दाट जंगल दाखवले जाते. दिवाळीनंतर जमीन सुकली की जेसीबी येतो आणि शेतरस्त्याच्या नावाखाली डोंगराच्या कुशीत वाट काढतो. ही पायरी सर्वांत महत्त्वाची. रस्ता झाल्यावर पुढचे सगळे स्वस्त होते, आणि रस्ता होईपर्यंत एकही मोठे झाड पडलेले नसते. त्यामुळे तक्रार करायला वृक्षतोड झालेली नसते आणि अडवायला कुणी येत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी तोड चालते, बहुधा सलग सुट्ट्या बघून. मार्च-एप्रिलमध्ये आग लावली जाते. तिचे काम पालापाचोळा जाळणे एवढेच नसते. बुंधे जळतात, आणि बुंधा गेला की किती झाडे होती आणि कोणती होती याचा पंचनामा करता येत नाही. मे महिन्यात पोकलेन उतारावर पायऱ्या कापते. रबरासाठी साधारण पाऊण मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे घेतले जातात, हेक्टरी चारशे ते पाचशे रोपे बसतात. मधल्या ओळींत अननस लावला की रबराचा चीक सुरू होईपर्यंतची सुमारे सात वर्षे भागतात. पहिल्या दोन पावसाळ्यांत उघड्या पायऱ्यांवरची माती व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जाते. आंबोलीच्या माथ्यावर वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पायथ्याला कमी, तरीही तीन हजारांच्या वर. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पीकपाहणीत ‘रबर’ लागते, आणि त्यानंतर ती जमीन जंगल होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर येते.

गंमत अशी की उपग्रहाच्या चित्रात ती जागा तोवर पुन्हा हिरवी झालेली असते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन वनाच्छादनात मोजली जाते, मालकी आणि झाडाची जात न बघता. रबर, काजू, आंबा, सगळे त्यात. म्हणून सिंधुदुर्गाचे वनाच्छादन टिकून आहे किंवा वाढले आहे असे अहवालात वाचून कुणी समाधान मानू नये. त्या आकड्याला जंगल आणि बाग यातला फरक कळत नाही.

हा फरक कळण्याची साधी युक्ती आहे आणि ती फुकट आहे. रबर हिवाळ्याच्या शेवटी पूर्ण पानगळ करते, साधारण जानेवारीत पाने झडतात आणि नवी पालवी लगेच पाठोपाठ येते. सदाहरित जंगल त्या काळात हिरवेच राहते. सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटर तपशिलाची चित्रे दर पाच दिवसांनी विनामूल्य मिळतात. नोव्हेंबरचे आणि जानेवारीअखेरचे चित्र शेजारी ठेवले की रबराचे चौकोन उघडे पडतात. ऐन, किंजळ, नाणा अशी पानगळीची झाडेही त्याच सुमारास उघडी होतात, म्हणून थोडा गोंधळ होतो. पण ती विखुरलेली असतात. रबर सरळ कडांच्या ठोकळ्यात दिसते, आणि पायऱ्यांच्या रेषाही दिसतात. तोड ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांतच होते, त्यामुळे ढगांची अडचण फारशी येत नाही. सावंतवाडी उपवनसंरक्षक कार्यालयात एक माणूस आणि एक संगणक या कामाला दिला, आणि दर पंधरवड्याला नव्या रस्त्यांची यादी सर्व्हे क्रमांकांसह वनक्षेत्रपालांना गेली, तर जेसीबीच्या पायरीवरच पकड येते. फक्त यादीत झाडतोड शोधू नका. नवी लाल रेघ शोधा. जांभ्या मातीत काढलेला ताजा रस्ता चित्रात ठळक दिसतो.

झाडतोडीच्या कायद्याकडे वळू. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा, १९६४ अनुसूचीतल्या झाडांना लागू होतो : साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, तिवस, अंजन, बिजा, हळदू, ऐन, किंजळ, जांभूळ आणि कांदळवन. ही यादी लाकडाच्या आणि फळांच्या किमतीवरून बनली आहे. सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचा कणा असलेली धूप, नागकेशर, कडू कवठ, रानजायफळ, भेरली माड, सातवीण, बेहडा, सुरंगी यांपैकी त्यात एकही नाही. धनेशाला घरट्यासाठी जुन्या, जाड झाडातली नैसर्गिक ढोली लागते. बेहडा आणि सातवीण ही त्याची नेहमीची झाडे. मादी हिवाळ्यात ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि उन्हाळ्यापर्यंत नराने आणलेल्या फळांवर जगते. त्या महिन्यांत बेहडा पडला तर पक्ष्याची एक पिढी जाते. आणि अनुसूचीनुसार बेहडा हे ‘झाड’च नाही.

तोडलेले सदाहरित जंगल सोडून दिले तर परत येईल, असे अनेक अधिकारी मनापासून मानतात. पानझडी जंगलाबाबत त्यात बरेच तथ्य आहे, तिथे बुंध्याला फुटवे येतात. नागकेशर, रानजायफळ यांच्या मोठ्या, ओलसर बिया मात्र वाळल्या की मरतात. मातीत वर्षानुवर्षे पडून राहणारा साठा त्यांच्याकडे नसतो. धूप, रानजायफळ यांचे बी यायचे ते धनेश, मोठी कबुतरे, उदमांजर यांच्या पोटातून, तेही जवळ आईझाड उरले असेल तर. आग लागून गेलेल्या उघड्या जागेवर आधी येते रानमोडी, मग करवंद, रामेठा आणि अंजनी. तिथून पुढची वाट इतकी लांब आहे की धोरण ठरवताना ती धरू नये.

न्यायालयाने या पट्ट्याकडे आपल्यापेक्षा आधी पाहिले, हे नमूद करणे भाग आहे. २०१२ च्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने दोडामार्ग तालुक्यातल्या वृक्षतोडीला मनाई केली आणि मार्च २०२४ च्या निकालात सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याची प्रक्रिया पूर्ण करायला सांगितले. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये ज्या भागाचे महत्त्व सांगितले होते तो दोन वर्षांनी आलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या यादीतून गळला होता. ती चूक सुधारायला न्यायालयात जावे लागले. संवेदनशील क्षेत्राची ही अधिसूचना हवीच. पण तिच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवू नयेत. पश्चिम घाटाच्या मसुद्यांमध्ये बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, ‘लाल’ (सर्वाधिक प्रदूषणकारी) वर्गातले उद्योग, वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे यांवर. शेती आणि बागायतीवर नाही. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावच्या खनिज खाणीचा बांध फुटून गावात चिखल आणि पाणी घुसले, ते कुणी विसरलेले नाही. तसले नवे संकट ही अधिसूचना टाळू शकेल. रबर तिने थांबणार नाही.

एक छोटे उदाहरण देतो, कारण त्यात सगळा प्रश्न एकवटला आहे. हेवाळे–बांबर्डे येथे भालांडेश्वराच्या राईत रानजायफळाचे दलदलीतले जंगल आहे. महाराष्ट्रात असे जंगल दुर्मीळातले दुर्मीळ. गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर श्वास घेणारी मुळे तिथे पाहायला मिळतात. देवाच्या धाकाने ते टिकले, आणि २०२१ मध्ये त्याचे २.५९ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ झाले. उत्तम. पण दलदल जगते ती तिच्या वरच्या डोंगरातून बारमाही झिरपणाऱ्या पाण्यावर. वरचे मालकीचे जंगल कापून पायऱ्या पाडल्या, तर पावसाळ्यात गाळ येईल आणि मार्चनंतर पाणी आटेल. मुळे गाळात गाडली गेली की झाडे उभ्या उभ्या वाळतात. त्यासाठी २.५९ हेक्टरांच्या आत कुणी कुऱ्हाड नेण्याची गरज नाही. कुंपण घालून हा प्रश्न सुटत नाही. पाणलोटातले सर्व्हे क्रमांक शोधून त्यांच्या मालकांशी बोलावे लागते. (राईंचा विषय निघालाच आहे तर : देवळांच्या जीर्णोद्धारासाठी मिळणारा निधी स्लॅब आणि फरशीऐवजी राईच्या कडेचे दगडी गडगे नीट करायला वापरता आला, तर निम्म्या राई गुरांपासून आणि आगीपासून वाचतील.)

मग मालकांशी बोलायचे काय? इथे आमचा सरकारी पद्धतीशी थेट मतभेद आहे. या पट्ट्यातल्या लोकांनी ‘वनसंज्ञा’ (खासगी जमिनीवर महसुली नोंदीत पडलेला ‘वन’ असा शेरा) भोगली आहे, आकारीपड (शेतसारा थकला म्हणून सरकारजमा झालेल्या) जमिनींचा घोळ भोगला आहे, आंबोली–गेळे–चौकुळमध्ये कबुलायतदार गावकर (संस्थानकाळापासून गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीतल्या) जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रखडलेला पाहिला आहे. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याची आठवणही पुसलेली नाही. सातबाऱ्यावर सरकारचा आणखी एक शेरा पडणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी लोक आधी जंगल तोडतात आणि मग चर्चा करतात. एका अर्थी ते शहाणपणाचेच आहे. उभे जंगल ठेवणाऱ्याची जमीन अडकते, साफ करणाऱ्याची सुटते, असेच त्यांनी आजवर पाहिले. म्हणून पांढऱ्या फटींवर सक्तीची अधिसूचना काढू नका.

कायद्यात दुसरी वाट आहे आणि इथे ती वापरलीच गेलेली नाही. कलम ३६-क : सामुदायिक राखीव क्षेत्र. खासगी किंवा सामुदायिक जमीन, मालकाने किंवा समूहाने स्वतःहून देऊ केलेली. मालकी बदलत नाही. अधिसूचनेनंतर जमिनीचा वापर मात्र व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता यांशिवाय बदलता येत नाही. म्हणजे सरकारी जमिनीवरच्या संवर्धन राखीव क्षेत्रात जे बंधन स्पष्टपणे नाही, ते इथे आहे. एकट्या माणसालाही हे करता येते. पण कुणी का करावे, याचे उत्तर पैशात द्यावे लागेल. काजूची बाग दर वर्षी काहीतरी देते, जंगल रोख काही देत नाही. उभ्या जंगलासाठी दर हेक्टरी वार्षिक मोबदला, निदान वीस वर्षांच्या करारावर, हा त्याचा गाभा हवा. कॅम्पाचा, म्हणजे वळवलेल्या वनजमिनीच्या भरपाईतून उभा राहणारा, निधी रोपवनांवर खर्च होतो आणि त्यातली किती रोपे तिसऱ्या वर्षी जिवंत असतात हे वनरक्षकाला विचारावे. उभे, तयार, शेदीडशे वर्षांचे जंगल राखायला त्यातला वाटा मिळावा म्हणून राज्याने केंद्राकडे प्रस्ताव न्यावा.

यात अडचण येईल ती पुन्हा सामाईक सातबाऱ्याची. चाळीस नावांच्या उताऱ्यावर मोबदला कुणाला द्यायचा? म्हणून पहिले काम वनविभागाचे नाही, महसूल खात्याचे आहे. निवडलेल्या गावांत वारस नोंदींची शिबिरे घ्यावीत, आणि ती मे महिन्यात किंवा गणपतीत, चाकरमानी गावी असतात तेव्हा. हिस्सेदारांची संमती आणि समाईक बँक खाते झाल्यावरच करार. मृतांची नावे उताऱ्यावर ठेवून केलेला करार पहिल्याच भाऊबंदकीत मोडेल. ज्यांना जमीन विकायचीच आहे, त्यांच्यासाठी वाटाघाटीने थेट खरेदीचा मार्ग खुला ठेवावा, आणि पहिला गिऱ्हाईक सरकार असावे.

लोक जमीन का विकतात याचे दुसरे कारण हत्ती. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती या भागात उतरले, आणि तेव्हापासून तिलारीच्या खोऱ्यातल्या माड, पोफळ, केळीच्या बागा त्यांच्या वाटेवर आहेत. गवे आणि माकडे वेगळीच. पाडलेल्या माडाला नुकसानभरपाई मिळते ती एका झाडाची, एकदाच. नवा माड फळायला सहा-सात वर्षे जातात, ते उत्पन्न कुणी मोजत नाही. पंचनाम्यासाठी तीन खात्यांची माणसे एका दिवशी एका बागेत हजर होणे हा तर स्वतंत्र विषय. भरपाई फळणाऱ्या झाडाच्या गमावलेल्या वर्षांवर काढावी आणि पंचनामा मोबाइलवरच्या स्थान-वेळेसह छायाचित्रांवर मान्य करावा. ही दया म्हणून आम्ही मागत नाही. बाग परवडेनाशी झालेला माणूस बागेमागचे डोंगरही विकतो. उशिरा मिळालेल्या भरपाईचे दुसरे टोक गोव्याने पाहिले आहे : जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. मारलेल्या गुराच्या धडात विष घालायला एक रात्र पुरते. म्हणून गुराची भरपाई त्याच आठवड्यात हवी.

आता हिरव्या भागाविषयी. दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रे मिळून साधारण ८६ चौरस किलोमीटर होतात. भक्ष्य विरळ असलेल्या जंगलात एका नर वाघाला एवढा टापू एकट्याला लागू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात आलेला नर आधी राधानगरीत टिपला गेला होता. हे प्राणी साखळीभर चालतात. तेव्हा या ८६ पैकी सगळेच कडक संरक्षणात आणा असे आम्ही म्हणत नाही. कड्यांखालच्या ज्या कक्षांत वस्ती नाही, वाट नाही आणि गुरेही जात नाहीत, तेवढा सलग गाभा अभयारण्य करावा. तो जिथे ‘राखीव वन’ आहे, तिथे कलम २६-अ (१)(ख) खाली थेट अधिसूचना काढता येते. कलम १८ ची उद्घोषणा आणि जिल्हाधिकाऱ्यांची हक्क-चौकशी यांचा लांबचा फेरा लागत नाही. मात्र या सोयीचा गैरफायदा घेऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे सामूहिक दावे आधी निकाली काढा, ग्रामसभेत कक्ष क्रमांक आणि स्थानिक नावे दोन्ही वाचून दाखवा. ‘कक्ष ३१’ म्हटले तर कुणाला काही कळत नाही. व्हाळाचे, सड्याचे, कोंडीचे नाव घेतले की लगेच कुणीतरी उठून सांगते की शिकेकाईला आम्ही तिथेच जातो. तो कक्ष मग गाभ्यातून वगळा. कोकम, तिरफळ, वावडिंग, शिकेकाई गोळा करणारी माणसे जंगलात असणे हे तोडीवर फुकटचा पहारा असण्यासारखे आहे.

सीमेची मोजणी हे कंटाळवाणे काम आहे आणि तेच होत नाही. वनविभागाचा कक्ष-नकाशा आणि भूमी अभिलेखचा गावनकाशा एकमेकांवर ठेवले की डोंगराळ गावांत रेषा जुळत नाहीत. तेवढ्या फरकात एक बाग सहज बसते. दोन्ही खात्यांची संयुक्त मोजणी डिसेंबर ते मे या काळात व्हावी, पावसाळ्यात जळवा आणि धुके कामच करू देत नाहीत. खांब पक्के हवेत आणि कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश सर्वांना उघड हवेत. सीमा कुठे आहे हे गावाला माहीत नसेल तर ती ओलांडली गेल्याची तक्रार करणार कोण?

कलम ३६-ब खालची व्यवस्थापन समिती हेही तसेच. प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रातल्या संस्थांचे तीन, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचा एकेक, आणि वनविभागाचा सदस्य-सचिव, अशी तिची रचना कायद्यातच आहे. तिच्या बैठकींची इतिवृत्ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावीत, एवढेच म्हणतो.

रस्ते आणि कालवे. तिलारीच्या पाण्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा आहे, बार्देस आणि पेडण्याचे नळ त्यावर चालतात. ते पाणी नेणारे कालवे प्राण्यांच्या वाटा आडव्या कापतात. काँक्रीटच्या गुळगुळीत उताराच्या कालव्यात पडलेला गवा किंवा सांबर वर येऊ शकत नाही, पोहत पोहत थकून मरतो. उपाय अवघड नाही : ठराविक अंतरावर एका बाजूला खडबडीत, आडव्या पट्ट्यांचा उतरणीचा रॅम्प, आणि जिथे धार किंवा व्हाळ कालव्याला भेटतो तिथे मातीने झाकलेला रुंद पूल. पायवाटेएवढ्या पुलावरून माणूस जातो, कळप जात नाही. रॅम्पची जागा अभियंत्याने ठरवू नये. पावसाळ्यानंतर ओल्या मातीतले ठसे बघून वनरक्षक आणि गुराखी ती दाखवतील.

पवनार ते पत्रादेवी हा प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग कुठून जाणार यावर वाद चालूच आहे. आखणी कशीही बदलली तरी पत्रादेवीला पोचायचे तर सह्याद्रीचा कडा ओलांडावाच लागतो, आणि मग हाच पट्टा वाटेत येतो. दोन संरक्षित क्षेत्रांना किंवा व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या जमिनीचा वापर बदलायचा असेल, तर कलम ३८-ओ (१)(जी) नुसार राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता लागते. संवर्धन राखीव क्षेत्राबाहेरून रस्ता काढला म्हणजे ही अट टळते, असा समज कुणी करून घेतला असल्यास आपल्या मंडळाने तो लेखी दूर करावा. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले आहेत, पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत लांब. ते सपाट जंगल होते. घाटात डोंगर फोडून, भराव टाकून काढलेल्या रस्त्याला असे मार्ग नंतर जोडता येत नाहीत. कड्याच्या भागात बोगदा की काहीच नाही, हा निर्णय आराखड्याच्या पहिल्या पानावर घ्यायचा असतो.

शेजारी राज्यांविषयी थोडक्यात. म्हादई व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचे काय व्हायचे ते होईल. पण तिलारीला लागून म्हादई आणि त्यापलीकडे कर्नाटकातले भीमगड यांच्या वनविभागांनी एकाच हंगामात, एकाच पद्धतीने, दोन चौरस किलोमीटरच्या चौकटींत कॅमेरे लावायला कुणाच्या निकालाची गरज नाही. आज वाघ सीमा ओलांडतो आणि त्याचे छायाचित्र सीमेवर अडकते.

आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आम्हाला चार गोष्टी हव्या आहेत : हिरव्या तुकड्यांमधल्या पांढऱ्या फटींची सर्व्हे क्रमांकांसह यादी, सामुदायिक राखीव क्षेत्रासाठी मोबदल्याचा दर, १९६४ च्या अनुसूचीत सदाहरित जंगलातल्या झाडांची भर घालण्याची शिफारस, आणि गाभ्याच्या कक्षांवर ग्रामसभांचे वेळापत्रक. यादीत सगळ्या फटी एकदम नकोत. जिथे दोन हिरव्या तुकड्यांमधले अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे आणि मधून व्हाळ किंवा डोंगराची धार जाते, त्या आधी घ्या. प्राणी तिथूनच जातात आणि खर्चही तिथेच कमी. ही यादी दसऱ्याच्या आत तयार हवी. दिवाळीनंतर माती सुकते आणि जेसीबी वर चढू लागतात.

आपले,
सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातल्या जंगलाचा, वनस्पतींचा आणि वनकायद्याचा अभ्यास करणारे आम्ही काही जण